खाण तशी माती

‘खाण तशी माती’ अशी म्हण मराठीत रूढ आहे. जसे आईबाप, तशी मुले, हा तिचा अर्थ. स्ट्रॉबेरीच्या बाबतीत मात्र ही म्हण खरी ठरावी म्हणून माणसाला बरीच दक्षता घ्यावी लागते.

बाजारात दिसणारी मोठी, लाल स्ट्रॉबेरी मूळची संकरित आहे. उत्तर अमेरिकेतील एक जाती आणि चिली देशातील दुसरी, यांचा संकर अठराव्या शतकात फ्रान्समध्ये घडून आला. तिच्या प्रत्येक पेशीत सात गुणसूत्रांचे आठ संच, म्हणजे ५६ गुणसूत्रे असतात. एवढ्या मिश्र वारशामुळे बियांपासून उगवलेले रोप आईसारखे निघत नाही. म्हणून लागवडीसाठी मातृरोपाच्या धावत्या खोडावर फुटणारी पिल्ले वापरतात. शेतकरी या खोडाला ‘रनर’ म्हणतात. पिलात आईचे गुण जसेच्या तसे उतरतात. परंतु आईच्या अंगातील विषाणूही उतरतात आणि उत्पन्न घटते.

यावर ऊतिसंवर्धनाचा उपाय सापडला. वाढत्या शेंड्याच्या अगदी टोकाच्या भागात विषाणू सहसा पोहोचत नाहीत. १९५२ साली मोरेल व मार्टिन या फ्रेंच शास्त्रज्ञांनी असा भाग वाढवून रोगट डेलियापासून निरोगी रोपे मिळवली. पुढे १९७४ मध्ये बेल्जियमच्या बॉक्सस यांनी काचपात्रात स्ट्रॉबेरीची रोपे झपाट्याने वाढवण्याची रीत मांडली.

तथापि, काचपात्रातील प्रत्येक रोप मूळ रोपाची हुबेहूब प्रतिकृती असतेच असे नाही. संवर्धनाच्या काळात काही पेशींच्या जनुकांत बदल होतात. अशा बदलांना लार्किन व स्कोक्रॉफ्ट यांनी १९८१ मध्ये ‘कायिक विचरण’ या अर्थाचे नाव दिले. शेंड्यापासून थेट रोप वाढवल्यास हा धोका कमी असतो. आधी पेशींचा अव्यवस्थित गोळा तयार होऊ दिला, संप्रेरकांची मात्रा वाढवली किंवा एकाच मूळ तुकड्यापासून वारंवार नवी रोपे काढली, तर तो वाढतो.

दिसणारा प्रत्येक फरक मात्र कायमचा नसतो. ऊतिसंवर्धित रोपांना पहिल्या हंगामात पुष्कळदा जास्त रनर फुटतात आणि फळे लहान येतात. पुढे हा परिणाम ओसरतो. खरा जनुकीय बदल पुढच्या पिलांतही उतरतो. म्हणून प्रयोगशाळेत मातृरोप व नवे रोप यांच्या डीएनएच्या खुणा ताडून पाहतात. या खुणा डीएनएच्या काही भागांपुरत्याच असल्याने शेतात फूल व फळ पाहणेही आवश्यक असते.

महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तेथे पावसाळा सरताना लागवड होते आणि हिवाळ्यात फळे येतात. रोप भलत्याच गुणांचे निघाले, तर ते फळ धरल्यावरच ध्यानी येते. तोवर रोपे, खत व मजुरी यांवरचा खर्च होऊन गेलेला असतो. म्हणूनच रोप निरोगी आहे का, एवढे विचारून भागत नाही. त्याचे मातृरोप कोणते, ते किती फेऱ्यांनंतर तयार झाले आणि त्याची शेतात पारख झाली का, हेही विचारणे शेतकऱ्याच्या हिताचे असते.

स्वाध्याय
१. स्ट्रॉबेरीची लागवड बियांपासून का करीत नाहीत?
२. तात्पुरता फरक व जनुकीय बदल यांतील भेद स्पष्ट करा.
३. ‘खाण तशी माती’ ही म्हण वाक्यात वापरा.