खाऱ्या पाण्याच्या पेटीचे तापमान

काशीच्या दक्षिणेकडील घाटांवर उभे राहिले असता गंगेच्या पलीकडील तीरावर रामनगरचा किल्ला दिसतो. राजा बलवंतसिंह याने अठराव्या शतकात चुनारच्या वालुकाश्मात तो बांधला. सर्वांत जवळचा समुद्रकिनाराही येथून सुमारे ६०० किलोमीटर दूर आहे. मुंबईत १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाला समुद्र दाराशीच होता. रामनगरातील एखाद्या घरात समुद्री मासे पाळावयाचे झाल्यास मात्र समुद्राचे पाणीदेखील घरीच तयार करावे लागते.

हे काम अवघड नाही. समुद्राच्या पाण्यात दर लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. तेच क्षार योग्य प्रमाणात असलेले मिश्रण तयार मिळते व ते शुद्ध पाण्यात विरघळविले की खारे पाणी सिद्ध होते. समुद्राचा दुसरा गुण मात्र विकत मिळत नाही. हा गुण म्हणजे त्याच्या तापमानाचे स्थैर्य. उष्ण कटिबंधातील खुल्या समुद्राच्या पाण्याचे तापमान दिवसभरात फारसे हलत नाही आणि वर्षभरातही त्यात थोड्याच अंशांचा फरक पडतो. उलट रामनगरची हवा मे-जूनमध्ये ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते, काही दिवस ४५ अंशांना भिडते आणि जानेवारीच्या रात्री १० अंशांखाली उतरते. अशा हवेत १०० लिटर पाणी बाराही महिने २४ ते २७ अंशांच्या दरम्यान राखावयाचे, हाच या छंदाचा खरा प्रश्न होय.

थोड्या पाण्याचा स्वभाव

एक लिटर पाण्याचे तापमान एका अंशाने वाढविण्यास सुमारे एक किलोकॅलरी उष्णता लागते. म्हणजे १०० लिटरांच्या पेटीस १०० किलोकॅलरी पुरतात. १०० वॅटचा तापक एका तासात सुमारे ८६ किलोकॅलरी उष्णता देतो. यावरून असे दिसेल की पाण्यात बुडविलेला पंप, पेटीवरील दिवा आणि खिडकीतून येणारे ऊन एवढ्यांनी मिळून एका दुपारीत पाणी दोन-तीन अंशांनी तापू शकते. समुद्राला जे जाणवतही नाही ते पेटीला सोसावे लागते.

एकोणिसाव्या शतकातील मत्स्यालयांच्या निर्मात्यांना हा धडा लवकरच मिळाला. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली सार्वजनिक मत्स्यालय उघडले. पुढे विल्यम अल्फर्ड लॉइड याने १८७१ साली क्रिस्टल पॅलेस येथे मत्स्यालय उभारले, तेव्हा प्रेक्षकांना दिसणाऱ्या टाक्यांतील पाण्याच्या कितीतरी पट पाणी त्याने खाली अंधाऱ्या हौदात साठविले आणि ते सतत वर फिरते ठेवले. साठा मोठा व सावलीतील असल्याने त्याचे तापमान सावकाश बदले. घरगुती पेटीलाही हेच तत्त्व लागू पडते. जागा व खर्च यांच्या मर्यादेत पेटी शक्य तितकी मोठी घ्यावी, ती आतल्या भिंतीशी ठेवावी आणि पश्चिमेच्या खिडकीपासून दूर असावी. जुन्या घरांच्या जाड दगडी भिंती दुपारची उष्णता आत पोहोचू देण्यास विलंब लावतात. अशी खोली मिळाल्यास अर्धे काम झालेच.

उष्णता आणि श्वास

पाणी तापले म्हणजे मासा भाजून मरतो असे नव्हे. बहुधा तो गुदमरतो. २५ अंशांना समुद्राच्या पाण्यात दर लिटरमागे सुमारे ६.७ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांना हे प्रमाण सुमारे ६.२ मिलिग्रॅमवर येते. गोड्या पाण्यात याच तापमानांना ते बरेच अधिक असते. ही घट लहान वाटेल, परंतु मासा शीतरक्ताचा प्राणी आहे. पाणी तापते तसा त्याच्या शरीरातील व्यापारांचा वेग वाढतो व त्याला प्राणवायू अधिक लागतो. गाळणीतील उपकारक जीवाणूंची गरजही त्याच वेळी वाढते. अशा रीतीने पुरवठा घटतो आणि मागणी वाढते. रात्री शैवालाकडून प्राणवायू मिळणे थांबते. म्हणून तापलेल्या पेटीतील मासे पुष्कळदा पहाटे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकताना आढळतात. अशा वेळी पहिला उपाय म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग जोराने हलता ठेवणे. थंड करण्याचे उपाय त्यानंतर योजावेत.

वैशाखातील माठ

माठातील पाणी वैशाखात गार व श्रावणात कोमट का असते, हे ज्याने जाणले त्याला पेटी गार राखण्याची किल्ली सापडली. बाष्प होताना पाणी आपल्यातील उष्णता घेऊन जाते. एक लिटर पाण्याचे बाष्प होण्यास सुमारे ५८० किलोकॅलरी लागतात. ही सारी उष्णता पेटीतून गेली, तर १०० लिटर पाणी जवळजवळ सहा अंशांनी उतरेल. प्रत्यक्षात हवेतून उष्णता पुन्हा येत राहते, तरीही पृष्ठभागावर वारा सोडणाऱ्या एका लहान पंख्याने पाणी काही अंशांनी खाली राहते.

येथे रामनगरची कोरडी लू, जी शत्रू वाटते, तीच साहाय्यक ठरते. हवा ४२ अंशांची व तिची सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असेल, तर बाष्पीभवनाने गाठता येणारी नीचतम मर्यादा सुमारे २२ अंश असते. मुंबईच्या ३३ अंशांच्या, ७० टक्के आर्द्रतेच्या हवेत ती २८ अंशांच्या आसपास राहते. म्हणजे अधिक तापलेल्या गावी हा साधा उपाय अधिक चालतो. दारे-खिडक्यांना वाळ्याचे ओले पडदे लावून खोली गार ठेवण्याची जुनी रीतही याच नियमावर आधारलेली आहे. मात्र पडद्यांनी खोलीतील हवा दमट होते व पंख्याचा प्रभाव तेवढा उणावतो, हे ध्यानात ठेवावे. पेटीवर काचेच्या झाकणाऐवजी बारीक जाळी असावी. तिने मासे बाहेर उडत नाहीत आणि वाराही अडत नाही.

या गारव्याचे मोलही द्यावे लागते. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. १०० लिटरांतून तीन लिटर पाणी उडाले, तर लिटरमागे ३५ ग्रॅम असलेले क्षार ३६ ग्रॅमपर्यंत चढतात. म्हणून पेटीवर पाण्याच्या पातळीची खूण करून दररोज तेवढेच गोडे, शुद्ध पाणी घालावे. ही भर खाऱ्या पाण्याने घातल्यास खारेपणा वाढतच जाईल. विहिरीचे जड पाणीही वापरू नये.

पावसाळा आणि हिवाळा

पाऊस सुरू झाला की पंख्याची मात्रा चालेनाशी होते. ३३ अंशांच्या, ८५ टक्के आर्द्रतेच्या हवेत बाष्पीभवनाची मर्यादा ३० अंशांच्याही वर असते. हा काळ लूपेक्षा अधिक धोक्याचा असतो. या दिवसांत खोली वातानुकूलित करावी किंवा पेटीस शीतक यंत्र जोडावे. हे यंत्र पाण्यातील उष्णता खोलीत सोडते. बंद खोलीत त्याचा उपयोग थोडाच होतो. तातडीच्या वेळी गोड्या पाण्याने भरून गोठविलेली, घट्ट बुचाची बाटली पाण्यात तरंगत ठेवावी. एक किलो बर्फाने १०० लिटर पाणी सुमारे एका अंशाने उतरते. बर्फ सरळ पाण्यात टाकल्यास खारेपणा एकाएकी बदलतो.

रामलीलेच्या महिन्यानंतर हवा पालटते आणि तापकाची पाळी येते. एका मोठ्या तापकाऐवजी दोन लहान तापक ठेवणे शहाणपणाचे. एक बंद पडला तर दुसरा काही अंशी निभावून नेतो. एक बंद न होता चालूच राहिला, तरी लहान असल्याने पाणी उकळवत नाही. पाणी बदलण्यापूर्वी तापक बंद करावा, कारण पाण्याबाहेर तापलेली काच तडकते. खारे पाणी विजेचे चांगले वाहक असल्याने जोडणी भूसंपर्कित असावी व तारेला खाली झोळ द्यावा, म्हणजे ओघळणारे थेंब खटक्यापर्यंत पोहोचत नाहीत. वीज गेल्यास पेटीभोवती रजई गुंडाळावी, परंतु वरचा भाग मोकळा ठेवून घटावर चालणारा हवेचा पंप सुरू करावा.

नवशिक्याने विदूषक मासा पाळावा. भारतात केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने त्याच्या प्रजननाचे तंत्र विकसित केले आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेल्या माशांची गरज उरत नाही. प्रवाळांचा मोह टाळावा. भारतातील प्रवाळांना वन्य जीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा एखाद्या अंशाने वाढ झाली व ती काही आठवडे टिकली, तरी प्रवाळ आपल्यातील शैवाल गमावून पांढरे पडतात. १९९८ साली लक्षद्वीपच्या प्रवाळभित्तींवर हेच घडले.

पेटीजवळ एक तापमापक व एक वही असावी. सकाळी आणि सूर्यास्ताच्या सुमारास तापमान नोंदवावे. या दोन आकड्यांतील अंतर एका अंशाहून अधिक वाढू लागले की मासे अस्वस्थ होण्याआधीच कारण शोधता येते. नेमका आकडा २५ असावा की २६, यापेक्षा तो काल होता तोच आज आहे की नाही, हे माशांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे.