ताबा घेण्याआधी कुठली टेस्ट?

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मराठीत लिहिणं म्हणजे माझी व्हायव्हाच असते. ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या!

गेल्या वर्षी पुण्यातल्या आमच्या नव्या फ्लॅटचा ताबा मिळणार होता. एकीकडे भाडं, दुसरीकडे लोनचा हप्ता. आईला कधी एकदा चावी हातात येते असं झालेलं. बाबा म्हणाले, "तू सिव्हिलला ना? मग काय तपासायचं ते सांग." मी ऐटीत म्हटलं, "रिबाउंड हॅमर टेस्ट!" नुकतंच प्रॅक्टिकल झालं होतं ना...

आमचे सर हसले. हॅमरने काँक्रीटच्या पृष्ठभागाचा कठीणपणा कळतो आणि त्यावरून ताकदीचा फक्त अंदाज बांधतात. त्यासाठी प्लास्टर काढावं लागतं. नव्या घरात कोण काढू देईल? आणि आपल्या फ्लॅटमधल्या दोन कॉलमवरून बारा मजल्यांचं काय कळणार? स्ट्रक्चरल ऑडिट जुन्या इमारतीला ठीक. नव्या इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र आणि महारेराच्या साइटवरची कागदपत्रं बघायची. शिवाय २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे ताब्यापासून ५ वर्षांत स्ट्रक्चरमधला किंवा कामातला दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत फुकट दुरुस्त करायचा असतो.

मग पैसे घालायचे कुठे? टाइल्सखाली आणि भिंतीत जे दडलंय ते शोधायला. आम्ही ताब्याआधीची तपासणी करणारा माणूस बोलावला. त्याने बाथरूमचं आउटलेट बंद करून २४ तास पाणी साठवलं आणि मग खालच्या फ्लॅटचं छत बघितलं. तिथे ओलीचा डाग! टाइल्सवर नाणं वाजवलं, चार ठिकाणी पोकळ आवाज. मी आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबलं, तो ट्रिप झाला, मी खूश. तो म्हणाला, "अर्थिंग नसलं तरी हे बटण चालतं." त्याने प्रत्येक सॉकेटला टेस्टर लावला. किचनच्या सॉकेटला अर्थिंग नव्हतंच. फ्रिज तिथेच ठेवणार होतो आम्ही.

साइटवरचा माणूस म्हणाला, "आधी सही करा, काम नंतर करून देतो." कायदा आपल्या बाजूने होता हे खरं, पण सामान लावल्यावर बाथरूम कोण फोडून घेणार? बाबांनी सही केली नाही, यादी लेखी दिली. आणखी दोन महिन्यांचं भाडं गेलं, आई दोन दिवस आम्हा दोघांशी बोलली नाही.

वॉटरप्रूफिंग नव्याने झाल्यावर परत २४ तास पाणी साठवलं. खालचं छत बघायला या वेळी आई स्वतः गेली. कोरडं होतं.