वाहनाखालील आवाज आणि त्याचे निदान

पोत्यात परखी घातल्यावाचून आपण तांदळाचा भाव बोलत नाही. परंतु पिकअपच्या खालून एखादा अनोळखी आवाज येऊ लागला, की कोणी ‘गिअरबॉक्स गेला’ म्हणतो, कोणी ‘बेअरिंग गेले’ म्हणतो, आणि आपण परखी न घालताच सुटे भाग बदलू लागतो. आपल्या बालाघाट जिल्ह्यात गावाहून गिरणीपर्यंत धान आणि गिरणीतून गुदामापर्यंत किंवा गोंदियाच्या बाजारापर्यंत तांदूळ नेण्याचे पुष्कळसे काम हीच वाहने करतात. सबब हा विषय केवळ मिस्त्रीचा नसून आपल्या पेढीचाही आहे, असे समजून त्याचा थोडक्यात विचार करू.

प्रथम वाहनाची रचना ध्यानात घ्यावी. बहुतेक पिकअपमध्ये इंजिन पुढे असते व गाडी ढकलणारी चाके मागे असतात. इंजिनाचा जोर मागे नेण्यासाठी हौद्याखालून एक लांब पोकळ दांडा जातो. तो प्रोपेलर शाफ्ट होय. मागचा एक्सल पाट्यांवर वर-खाली होत असल्याने हा दांडा सरळ जखडून चालत नाही. म्हणून त्याच्या टोकांना फिरते सांधे असतात. मिस्त्री त्यांस ‘क्रॉस’ म्हणतात. या सांध्याशी इटलीचा कार्डानो (1501–1576) व इंग्लंडचा रॉबर्ट हूक यांची नावे जोडलेली आहेत. दांड्याच्या मागच्या टोकास दातेरी चक्रांचे डिफरन्शियल, शेजारून जाणारी सायलेन्सरची नळी, आणि एक्सलला यू-बोल्टांनी बांधलेले पाटे, एवढी मंडळी खाली नांदत असतात. आवाज यांपैकीच कोणाचा तरी असतो.

तो कोणाचा, हे ठरविण्यास तीन प्रश्न पुरेसे आहेत: केव्हा होतो, कशाबरोबर बदलतो, आणि कोठून येतो. हा क्रम मोडू नये. ‘कोठून’ हा प्रश्न आपण प्रथम विचारतो, आणि नेमका तोच सर्वांत फसवा आहे. कारण आवाज लोखंडी चौकटीतून वाहत जातो व मागचा ठोका पुढे ऐकू येतो.

गाडी उभी असताना इंजिनाचा वेग वाढविल्यावर खडखड ऐकू आली, तर चाके व शाफ्ट निर्दोष समजावेत. बहुधा सायलेन्सरवरील उष्णतारोधक पत्रा किंवा नळीचे टांगणे ढिले झालेले असते. आवाज केवळ चालत्या गाडीत येत असेल, तर सपाट व मोकळ्या रस्त्यावर त्याची गती मोजावी. अशा वाहनाच्या चाकाचा घेर सुमारे सव्वादोन मीटर असतो. ताशी 20 किलोमीटर वेगाने चाक सेकंदाला सुमारे अडीच फेरे घेते, तर प्रोपेलर शाफ्ट त्याच्या साधारण चौपट, म्हणजे दहाच्या आसपास. चाकाचा ठोका बोटांवर मोजता येतो. शाफ्टचा मोजता येत नाही, त्याची थरथर वा घूंघूं होते. एवढ्या साध्या हिशेबाने निम्मे संशयित सुटतात.

आता घरघर घ्या. रस्ता डांबरी आहे की सिमेंटचा, यावर ती बदलत असेल तर टायर तपासावेत. सुकाणू डावी-उजवीकडे वळविताच कमी-अधिक होत असेल तर चाकाचे बेअरिंग. आणि ॲक्सिलरेटर दाबताना एक सूर व सोडताना दुसरा सूर निघत असेल, तर डिफरन्शियलचे दाते व तेल पाहावे. गाडी सुटताना किंवा पुढून मागे घेताना एकच ‘टक्’ होत असेल, तर क्रॉसवर संशय घ्यावा. कोरडा पडलेला क्रॉस पुष्कळदा आधी चिवचिवतो व त्याच्या टोपीभोवती तांबूस भुकटी दिसते. धानाच्या हंगामात आणखी एक पाहुणा येतो, तो म्हणजे तणस. ती शाफ्टला गुंडाळली जाऊन खरखरते. परंतु तापलेल्या सायलेन्सरजवळ अडकल्यास पेट घेऊ शकते. म्हणून खळ्यावरून निघताना खाली वाकून पाहण्याची सवय ठेवावी.

आमच्या पेढीच्या एका गाडीचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. गाडी सुटताना व ब्रेक लावताना मागून एक जड ठोका येई. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांचा कौल क्रॉसकडे होता. परंतु चालकाने एक गोष्ट सांगितली: रिकाम्या गाडीत हा आवाज कधीच येत नाही, 25 पोती, म्हणजे साडेबारा क्विंटल, चढली की येतो. झिजलेला क्रॉस रिकाम्या गाडीतही बोलला असता. तेव्हा संशय पाट्यांकडे वळला. सुकाणू सरळ ठेवून पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी सुतळी धरली. एका बाजूस ती दोन बोटे कमी भरली. पाट्यांना मधोमध धरणारा सेंटर बोल्ट तुटून एक्सल सरकत होता, आणि ढिल्या यू-बोल्टाखाली घासून लोखंड चकचकीत झाले होते. क्रॉस बदलला असता तर पैसे गेले असते आणि दोष तसाच राहिला असता. नवे यू-बोल्ट काही दिवस भार वाहिल्यावर पुन्हा आवळावे लागतात, हेही ध्यानात असावे.

हे सर्व केवळ खर्चासाठी सांगत नाही. बैहरकडील घाट उतरताना क्रॉस तुटला, तर इंजिनाने गाडी धरून ठेवण्याचा आधार एका क्षणात नाहीसा होतो व सारा भार ब्रेकवर येतो. शाफ्टचे पुढचे टोक खाली पडून रस्त्यात रुतण्याचे भय वेगळेच. त्या वेळी आत आपला चालक असतो, आणि त्याच्या घरीही वाट पाहणारी माणसे असतात.

तपासणीतही सावधगिरी हवी. गाडी रिकामी करून सपाट जागी उभी करावी, चाकांना पुढून-मागून ठोकळे लावावेत, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. मजबूत लोखंडी घोडीचा आधार द्यावा. इंजिन बंद व सायलेन्सर थंड असावा. फिरत्या शाफ्टजवळ धोतराचा सोगा, उपरणे किंवा हात नेऊ नये. चालू गाडीची परीक्षा जाणत्या मिस्त्रीवर सोपवावी.

शेवटी एक व्यवहाराची सूचना. आवाज प्रथम ऐकतो तो चालक. पण ‘शेठजी रागावतील, खेप बुडेल’ या भीतीने तो पुष्कळदा गप्प राहतो. आपण रोजमेळात पैचा फरक सोडत नाही. तद्वत प्रत्येक गाडीत एक वही ठेवावी, आणि आवाज केव्हा आला, गाडी भरलेली होती की रिकामी, वेग किती होता, एवढे चालकाने त्याच दिवशी लिहावे. जो लिहील त्याची खेप थांबली तरी मजुरी कापू नये. मिस्त्रीच्या हाती अशी वही पडली, की त्याचे निम्मे काम आधीच झालेले असते.