रॅकवर अडकलेले सेट

अकोल्याच्या आयटीआयतून निघालो आणि पूर्णेमार्गे मीटरगेजच्या गाडीनं सिकंदराबादच्या ईएमई सेंटरला पोचलो. ईएमई म्हणजे सैन्याची यंत्रं दुरुस्त करणारी कोअर, 15 ऑक्टोबर 1943 ला उभी राहिलेली. सारी नोकरी वायरलेस सेट उघडण्यात गेली. आता अमरावतीत असतो. भरतीची तयारी करणारी पोरं घरी येतात, त्यांना सांगतो ते असं:

1. काम कुठं थांबतं ते आधी बघा. एका वर्कशॉपमधून सेट महिना-महिना परत जात नव्हते. मेकॅनिक कच्चे आहेत, कोर्सला पाठवा, असं वरून आलं. आमच्या सुभेदार साहेबांनी माझ्या हाती वही दिली. सेट कधी आला, कधी उघडला, स्पेअर कधी मागितलं, कधी मिळालं, तपासणी कधी झाली, एवढंच जॉब कार्डावरून उतरवायचं. पंधरा दिवसांत उलगडा झाला. बेंचवर सेट दोन-तीन तास असायचा, बाकीचे दिवस रॅकवर. तपासणी करणारा एकटाच. तो सुट्टीवर गेला की रांग लागायची. आणखी एकाला तपासणी शिकवली. स्पेअरची अडचण राहिली, पण रांग मोडली.

2. बिघाड कुठून येतो तेही बघा. हँडसेटची वायर मुळाशी पिळून तुटलेली, अँटेनाच्या सॉकेटात माती, बॅटरीच्या टोकांवर हिरवट गंज. तेच सेट पुन्हा पुन्हा यायचे. शेवटी आम्हीच युनिटात जाऊन ऑपरेटरला वायर गुंडाळायला शिकवलं.

3. नुसत्या पाठांतरावर थांबू नका. अमरावतीच्या एका पोराला सर्किट तोंडपाठ होतं, पण सोल्डरचा कच्चा डाग ओळखता येईना. उस्तादांनी, म्हणजे शिकवणाऱ्यांनी, त्याच्या हाती भिंग दिलं. पक्का डाग चकचकतो, कच्चा करडा आणि दाणेदार दिसतो. पेन्सिलीच्या मागच्या टोकानं हलकेच ठोकलं, तसा सेट खरखरला. पोराचे डोळे लकाकले.

4. 2022 पासून अग्निवीर चार वर्षांसाठी येतात. त्यांतला फार तर चौथा हिस्सा कायम होतो. इतक्या थोड्या काळात पुस्तकाच्या क्रमानं शिकवत बसू नये. ज्या बिघाडाची जॉब कार्डं जास्त, तो आधी शिकवावा. यावर मी ठाम आहे.

परवा अकोल्याच्या एका पोरानं विचारलं, "काकाजी, पयल्या दिवशी का करू?"

म्हटलं, "रॅकवरचे सेट मोज, न् सगळ्यात जुन्या जॉब कार्डावरची तारीख वाच."