अंगठा आणि अक्षर

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेस माण नावाचा तालुका आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर मुसळधार कोसळणारे ढग येथवर येईतो रिते झालेले असतात. शेती बेभरवशाची, म्हणून येथील पुष्कळ स्त्रिया शेळ्या पाळतात, आठवड्याच्या बाजारात भाजी विकतात, मिळेल तो लहानसा धंदा करतात.

ह्या तालुक्यातील म्हसवड गावी चेतना गाला सिन्हा काम करीत असत. एके दिवशी लोहारकाम करणारी एक बाई त्यांच्याकडे आली. तिचा संसार रस्त्याच्या कडेला होता. पावसाळ्यापूर्वी डोक्यावर घालावयास प्लॅस्टिकचा कागद घेता यावा, म्हणून तिला रोज थोडे पैसे साठवावयाचे होते. परंतु रक्कम फारच लहान, म्हणून बँक तिचे खाते उघडीना. तिने कर्ज मागितले नव्हते, दानही मागितले नव्हते. स्वतःच्या कष्टाचे पैसे ठेवावयास जागा मागितली होती, आणि तीही मिळाली नाही!

बँकेचे दार बंद असले म्हणजे गरजू माणूस सावकाराकडे वळतो. समजा, एका भाजीवालीने सकाळी 100 रुपये उसने घेतले आणि संध्याकाळी 110 परत केले. दहाच रुपये तर जास्त दिले, असे आपल्याला वाटेल. पण शेकडा 10 हे व्याज झाले एका दिवसाचे. हेच 100 रुपये शेकडा 12 ह्या वार्षिक दराने मिळाले असते, तर एका दिवसाचे व्याज सव्वातीन पैशांच्या आसपास पडले असते. वहीत मांडून पाहा. भाजीवालीचा दिवसभराचा नफा कोठे जातो, ते लगेच कळेल.

तेव्हा आपलीच बँक काढावी, असे चेतनाताईंनी व गावच्या स्त्रियांनी ठरविले. बँक चालविण्यास रिझर्व्ह बँकेचा परवाना लागतो. त्यांनी अर्ज केला. तो नामंजूर झाला. कारण असे की, सभासद होऊ पाहणाऱ्या स्त्रियांना लिहितावाचता येत नव्हते. सहीच्या जागी अंगठे उमटले होते. चेतनाताईंना रडू आले. स्त्रिया मात्र म्हणाल्या की, रडता कशाला? आम्ही शिकू. दिवसभर राबून त्या रोज वर्गाला येऊ लागल्या. ज्या हातांना खुरप्याची सवय, त्या हातांना पाटीवरचा ‘अ’ सहजी वळत नसणार. परंतु त्यांनी वर्ग सोडला नाही.

पाच महिन्यांनी पुन्हा अर्ज झाला. ह्या खेपेस चेतनाताईंबरोबर 15 स्त्रिया रिझर्व्ह बँकेत गेल्या. त्यांनी तेथील अधिकाऱ्यांस सांगितले की, आमच्या लहानपणी गावात शाळा नव्हती, हा काही आमचा दोष नव्हे. आम्हांला हिशेब येतो. कोणत्याही मुद्दलाचे व्याज काढावयास सांगा. नाही जमले तर परवाना देऊ नका. तुमच्या माणसांनाही गणकयंत्रावाचून तेच गणित घाला, आणि कोण आधी उत्तर देते ते पाहा! 1997 साली परवाना मिळाला व म्हसवडला माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. बँकेत जाण्यासाठी दिवसाची मजुरी बुडू नये, म्हणून बँकेची माणसेच स्त्रियांच्या दारी जाऊ लागली.

पुढे बँकेत संगणकाचे युग आले. पैशांच्या व्यवहारासाठी कार्ड व गुप्त क्रमांक द्यावा, असे बँकेने योजिले. स्त्रियांना ते पटेना. गुप्त क्रमांक कोणीही चोरील आणि आमचे पैसे नेईल. अंगठा कोण चोरणार? असा त्यांचा सवाल होता. मग कार्डाला अंगठ्याच्या ठशाची जोड देण्यात आली. ज्या अंगठ्याने एकदा परवाना अडविला, तोच आता तिजोरीची किल्ली झाला! (कष्टाने बोटांवरच्या रेषा झिजतात आणि मग यंत्र कधी कधी अंगठाही ओळखीत नाही, हेही खरे.)

आज बाजारात भाजीच्या पाटीशेजारी काळ्या ठिपक्यांची चौकट लावलेली दिसते. 2016 मध्ये यूपीआय ही पद्धत सुरू झाल्यापासून मोबाइलवरून पैसे देणे सोपे झाले आहे. पुष्कळ घरांत आईचा मोबाइल मुलेच अधिक सफाईने हाताळतात. म्हणून ह्यातील एक गोष्ट मुलांना नीट ठाऊक हवी. गुप्त क्रमांक लागतो तो पैसे देताना. पैसे घेताना तो कधीही लागत नाही. ‘तुम्हांला पैसे पाठवितो, क्रमांक दाबा,’ असे कोणी फोनवर सांगू लागला, तर तो देणारा नव्हे, नेणारा आहे. फसवणूक झालीच तर वेळ न दवडता 1930 ह्या क्रमांकावर कळवावे. उशीर होईल तसतसे पैसे हाती लागणे कठीण.

आणि आईचा गुप्त क्रमांक? तो आईचाच. म्हसवडच्या बायका शिकल्या त्या आपली सही दुसऱ्याने करू नये म्हणूनच ना? अंक दाबण्याची वेळ आली की मुलाने मोबाइल आईच्या हाती द्यावा आणि आपण क्षणभर भाजीच्या ढिगाकडे पाहावे. नंतर आलेल्या रकमा मोठ्याने वाचून दाखवाव्यात. त्यांची बेरीज बहुधा आई तोंडीच करील, आणि मुलगा मोबाइलवर आकडे जुळवीपर्यंत तिचे उत्तर तयार असेल.