पेन्सिल दिसली की पळतो

प्रश्न : माझा मुलगा साडेचार वर्षांचा, छोट्या गटात आहे. शेजारची मुलगी शंभरपर्यंत अंक लिहिते. हा मात्र ‘मला नाही येत’ म्हणून पळतो. शिकवणी लावावी का?
– एक आई, सातारा

उत्तर : शिकवणी नको. अंक गिरवणं वेगळं आणि संख्या कळणं वेगळं. जेवायला चार माणसं असली तर ताटं किती, हे तो सांगतो का? मग त्याचं गणित सुरू झालंय. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही तीन ते आठ या वयात खेळातून शिकण्यावरच भर देतं. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी बोर्डीच्या बालवाडीत हे कितीतरी आधी करून दाखवलं होतं, पण आपल्याला भरलेल्या वह्यांचा मोह सुटत नाही!

पेन्सिल धरायला बोटांत ताकद हवी. कणकेचा गोळा द्या, मटार सोलू द्या, खडूने फरशीवर रेघोट्या मारू द्या. डावा हात वापरत असेल तर बदलायला लावू नका. चुकण्याची भीती जावी म्हणून खोडरबर काही दिवस कपाटात ठेवा. नुसतं ‘किती हुशार!’ म्हणू नका. हुशारी टिकवण्याच्या धास्तीने मुलं नवं काही करूनच बघत नाहीत. ‘हे चाक गोल कसं जमवलंस?’ असं विचारा. शेजारच्या मुलीच्या वहीचा विषय त्याच्यासमोर बंद.

मात्र हाकेला वळत नसेल, चित्र डोळ्यांजवळ नेऊन पाहत असेल किंवा त्याचं बोलणं परक्यांना कळत नसेल, तर थांबू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवून कान-डोळे तपासून घ्या.