दिसत नाही म्हणजे नेटवर्कवर नाही, असं नव्हे

सावेडीचं दुकान आता तुझ्याकडे, नागापूर एमआयडीसीतल्या एएमसीही तुझ्याच गळ्यात. म्हणून सांगतो, नीट ऐक बाळा.

गिऱ्हाइकाचा फोन येतो, 'पीसी नेटवर्कमध्ये दिसत नाही.' लगेच क्रिंपिंग टूल उचलू नकोस. आधी पिंग मार. उत्तर नाही आलं तरी मशीन मेलं म्हणू नकोस, विंडोजची फायरवॉल पिंग गिळते. मग एआरपीचा तक्ता बघ. त्या आयपीसमोर मॅक पत्ता आला, तर केबल ठणठणीत आहे.

शेताच्या या बांधावरून त्या बांधाला हाळी द्यावी, तसं हे डिस्कव्हरीचं काम. फक्त प्रत्येकाची हाळी वेगळी. ॲपलचं बॉनजूर, लिनक्सवरचं अवाही ५३५३ पोर्टवर एमडीएनएसनं बोलतात. विंडोजचं 'नेटवर्क' व्हिस्टापासून डब्ल्यूएस-डिस्कव्हरी ऐकतं, पोर्ट ३७०२. म्हणून लिनक्सवर सांबा सुरळीत चालू असूनही विंडोजमध्ये नाव येत नाही. तिथं डब्ल्यूएसडीडी टाकायचं. विंडोजच दुसऱ्या विंडोजला दिसत नसेल, तर नेटवर्क प्रायव्हेट आहे का आणि 'फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन' ही सर्व्हिस चालू आहे का, एवढं बघ. बहुतेक वेळा तिथंच सापडतं.

व्हिस्टानं एलएलटीडीचा नकाशाही आणला होता. एक्सपीला त्याचा रिस्पॉन्डर वेगळा टाकावा लागायचा, तो नसला की मशीन नकाशात धड जागेवर यायचंच नाही. कौतुक फार झालं, उपयोग बेताचाच.

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर एखादा एक्सपी अजून तग धरून असतो. नव्या विंडोजशी तो बोलत नाही, कारण त्याला फक्त एसएमबी-१ येतं आणि २०१७ च्या १७०९ आवृत्तीपासून विंडोज १० नं ते मूळ इन्स्टॉलेशनमधून काढलं. कुणीतरी शहाणा सांगेल, फीचर्समध्ये जाऊन परत चालू कर. करू नकोस. त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय याच दारानं शिरला होता. ते मशीन नेटवर्कपासून तोडून ठेव, आणि नव्या पीसीसाठी ऑफिसच्या मागे लाग.

पॅच पॅनेलला लेबलं नसली, तर एलएलडीपीसारखा मित्र नाही. मॅनेज्ड स्विचवर ते चालू असलं, की साधारण दर ३० सेकंदांनी तो आपलं नाव आणि पोर्ट सांगतो. लिनक्सच्या लॅपटॉपवर एलएलडीपीडी टाक, केबल लाव, थोडं थांब. सिस्कोच्या सीडीपीला मिनिटभर लागतं. स्वस्तातला अनमॅनेज्ड स्विच मात्र मुकाच.

यातली कुठलीच हाळी आपणहून राऊटर ओलांडत नाही. गेस्ट वायफायवरच्या मोबाइलला कॅमेरा दिसत नाही तो त्यामुळेच. आयफोन असेल तर ॲपला 'लोकल नेटवर्क'ची परवानगी दिली आहे का विचार, २०२० च्या आयओएस १४ पासून ती लागते.

आणि या आठवड्यात सगळ्या एएमसींचे राऊटर तपास. यूपीएनपी बंद कर, १९०० आणि ३७०२ पोर्ट इंटरनेटच्या बाजूनं उघडे दिसले तर तिथल्या तिथं मिटव. दुसऱ्यांच्या सर्व्हरवर हल्ले चढवायला हेच उघडे पोर्ट वापरतात.